जुन्या चेनसॉसाठी ऑइल पंपाचा सुटा संच: कामाचा आहे, पण सगळ्यात शेवटी घ्यायचा

चेन कोरडी चालते, बारच्या (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या) कडा निळ्या पडतात, तिच्या टोकाशी धूर दिसतो. एवढं झालं की बहुतेक जण थेट बार-चेनला तेल पुरवणाऱ्या ऑइल पंपाचा संच मागवतात. श्टीलच्या 021, 023, 025 आणि त्यांच्याच पुढच्या एमएस 210, 230, 250 या मशीनना बसणारे असे संच दुसऱ्या उत्पादकांचे मिळतात. त्यात पंप, त्याला फिरवणारा मळसूत्री दात्यांचा वर्म गिअर, तेल ओढणारी रबरी नळी आणि टाकीतला फिल्टर असे चार भाग येतात. थोडक्यात मत असं: नळी आणि फिल्टर यांसाठी संच घेण्यासारखा आहे, पंप ठीक आहे, आणि वर्म गिअर डोळ्यांत तेल घालून तपासल्याशिवाय बसवू नये. मात्र तेल कमी येण्याचं कारण अनेकदा या चारही भागांत नसतं. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी थोडी तपासणी हवीच.

सुरुवात बारपासून करा. बार काढा आणि त्याचं तेलाचं छिद्र बारीक तारेने मोकळं करा. बार उलटवून वापरायचा असतो, म्हणून दोन्ही कडांची छिद्रं साफ हवीत. खाचेत भुसा आणि डिंक मिळून पुट्टीसारखा थर बसतो. तो करवतीच्या जुन्या पात्याने मागून पुढे ओढून काढा. खाच साधारण 1.3 ते 1.6 मिमी रुंद असते, पातं त्यात सहज जातं. दुसऱ्या मशीनचा बार बसवला असेल, तर त्याचं छिद्र मशीनच्या तेलाच्या तोंडासमोर येतं का तेही बघा. छिद्र जरा सरकलेलं असलं तरी तेल बारमागूनच खाली गळून जातं. पंप बिचारा आपलं काम करत असतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

आता बार आणि चेन बाजूला ठेवून पंप तपासा. चेन ब्रेक सोडलेला हवा. मशीन जमिनीवर घट्ट धरा, इंजिन सुरू करून दहा-पंधरा सेकंद अर्धा थ्रॉटल द्या आणि क्लचच्या फिरत्या ड्रमपासून (चेन फिरवणाऱ्या डब्यासारख्या भागापासून) हात लांब ठेवा. तोंडातून तेल झिरपताना दिसलं, तर रोग बारमध्ये होता, संचाची गरज नाही. बार-चेन चढवून केलेली पुठ्ठ्याची चाचणी नंतर खात्रीसाठी करा: बारचं टोक फिकट पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर धरून अर्ध्यापेक्षा जास्त थ्रॉटल दिला की अर्ध्या मिनिटाच्या आत तेलाची रेघ उमटली पाहिजे. नुसत्या आयडलवर (थ्रॉटल न देता) रेघ शोधू नका. या मशीनमध्ये पंप क्लच ड्रमवरून फिरतो, त्यामुळे चेन थांबली की पंपही थांबतो.

तेल आधी बरं येतं आणि काही मिनिटांनी आटतं, अशी तक्रार असेल तर टाकीत हवा घेणारा व्हॉल्व्ह तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. तेल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, आणि टाकीतल्या ओढीपुढे पंप हतबल होतो. तेल आटलं की मशीन बंद करून टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि पुन्हा सुरू केल्यावर तेल आलं, तर निदान पक्कं. हा व्हॉल्व्ह संचात नसतो, आणि ही या संचाची सगळ्यात मोठी उणीव आहे.

टाकी भरलेली असताना ठीक आणि अर्धी झाली की बंद, ही खूण वेगळी आहे. इथे नळी चिरलेली असते. चीर तेलात बुडालेली असते तोवर चालतं, पातळी खाली गेली की पंप हवा धरतो. जुनं रबर पंपाजवळच्या टोकाला कडक होऊन तडकतं, तर फिल्टरजवळ फुगून सैल पडतं. संचातली नळी इथे उपयोगी पडते. रबर लवचीक आहे आणि फिल्टरवर घट्ट बसते. मशीनच्या अंगातून जिथे नळी आत शिरते तिथली तिची कड नीट बसायला मात्र खटपट लागते. कडेला तेलाचं बोट लावा आणि फिरवत ओढा. कड अर्धवट बसली तर टाकीतलं तेल तिथूनच झिरपत राहतं. फिल्टरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जुना फिल्टर आकड्याच्या तारेने बाहेर काढा, जाळीवर जेलीसारखा थर असेल तर टाकी रॉकेलने खळबळून धुवा, आणि मगच नवा घाला. घाण टाकीत नवा फिल्टर म्हणजे फुकट गेलेला फिल्टर.

पंप बसवण्याआधी हातावर तपासता येतो. तेल ओढणारं तोंड तेलात बुडवा, दातेरी दांडा वर्मने फिरवा आणि बाहेरच्या तोंडावर बोट ठेवा. बोटाला ठोके जाणवले आणि तेल थेंबाथेंबाने आलं, तर पंप चांगला. जुन्या पंपावरही हीच चाचणी करा, अनेकदा तो पास होतो. भुशाचे कण आत जाऊन दांड्यावर ओरखडे पडले असतील, तरच तो बदला. या पंपाला तेल कमी-जास्त करण्याचा स्क्रू नाही, त्यामुळे लांब बार लावणाऱ्यांनी त्याच्याकडून जादा तेलाची आशा धरू नये.

आता वर्म गिअर. याचा तारेचा हात ड्रमच्या काठावरच्या खाचेत अडकतो आणि ड्रम त्याला फिरवतो. संचातल्या वर्ममध्ये हाच हात कच्चा असतो. जुन्या वर्मशेजारी ठेवून वाक आणि लांबी ताडून बघा. बाहेर वाकलेला हात ड्रमला घासतो, आखूड हात खाचेतून सटकतो. भोकाच्या काठावर प्लास्टिकची कुसं राहिली असतील तर धारदार पात्याने काढा, कारण वर्म शाफ्टवर मोकळा फिरला पाहिजे. जुना वर्म वितळलेला निघाला तर नवा लगेच चढवू नका. चेन ब्रेक लावून थ्रॉटल देणं, बोथट चेन दामटणं किंवा ड्रममधलं नीडल बेअरिंग जाम होणं, यांपैकी कशामुळे तरी तिथे उष्णता झाली आहे. ते कारण तसंच राहिलं तर नवाही वितळेल.

बसवण्यासाठी आधी ई-क्लिप (ड्रम अडवून ठेवणारी ‘E’ आकाराची कडी), वॉशर, ड्रम आणि बेअरिंग याच क्रमाने उतरवा. मग क्लच काढायचा. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून पिस्टन अडवा; दोरीचा वेटोळा पुरतो, धातूची कांडी नको. क्लचचे आटे उलटे आहेत, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. परत लावताना ड्रम हलकेच मागेपुढे फिरवा, तारेचा हात खाचेत पडला की ड्रम जरा आत बसतो. ई-क्लिपची खाच पूर्ण उघडी दिसत नसेल तर थांबा. ठोकून बसवलं की हात मोडलाच.

पंप कोरडा सुरू करू नका, ओढीच्या तोंडात आधी तेलाचे थेंब सोडा. तेल बार ऑइलच हवं. इंजिनचं जळकं तेल घातलं तर त्यातले धातूचे कण पंपाचा दांडा ओरबाडतात, थंडीत घट्ट गिअर ऑइल नळीतून नीट ओढलं जात नाही, आणि वनस्पतीजन्य तेल घालून मशीन महिनोन्महिने ठेवलं तर ते आत गोंदासारखं चिकटतं. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ उतरली पाहिजे. निम्मी शिल्लक राहत असेल तर अजून कुठेतरी अडतंय. आणि 029 किंवा एमएस 290 असणाऱ्यांनी हा संच घेऊ नये, त्या मशीनचा पंप वेगळा आहे.