अमरावती रोडवरची नर्सरी: गुलाब आजारी असेल तर पान घेऊन जा (५ पैकी ४)

नाव लिहीत नाहीये कारण खाली एक तक्रार पण आहे, पण वाडीकडे जाताना लागते ती, हिरव्या नेटवाली, नेहमी जाणाऱ्यांना कळेलच कोणती.

नागपुरात कुठल्याही नर्सरीत जाऊन म्हणा की गुलाबाची पानं पिवळी पडताहेत, लगेच एक बाटली हातात ठेवतात. इथले काका आधी विचारतात, ऊन किती वाजेपर्यंत असतं, माती कोणती अन् पाणी कोण टाकतं. आमच्या घरी सासरे सकाळ-संध्याकाळ टाकतात म्हटल्यावर हसले अन् म्हणाले, "झाडाले औषध नाही पाहिजे ताई, पाणी कमी करा." आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कुंडीत तर वरून कोरडी दिसते अन् आत चिखल, मुळं सडतात. कुंडीतल्या गुलाबाला माती, शेणखत अन् रेती मिसळून द्या म्हणाले, थोडी निंबोळी पेंड, आणि बोट खुपसून दोन पेरं कोरडं लागलं की मगच पाणी.

पिवळ्या पानांतही फरक असतो हे इथेच कळलं. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर पाणी जास्त नाहीतर नत्र कमी, पण शेंड्याची नवी पानं पिवळी अन् शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. आणि पानांच्या कडा करपल्या असतील तर विचारतात, कूलरचं पाणी टाकता का? आपल्याकडे टाकी धुतली की ते पाणी झाडांनाच जातं ना, पण त्यात क्षार साठलेले असतात, कुंडीला नका टाकू.

मला सगळ्यात आवडलं ते लाल कोळीचं, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या अगदी बारीक जीवाचं. मी नेलेलं पान त्यांनी पांढऱ्या कागदावर झटकलं, मला वाटलं धूळ पडली, अन् ती धूळ चालायला लागली! मावा-थ्रिप्स या रस शोषणाऱ्या किड्यांचं औषध मागितलं तर दिलंच नाही, म्हणे हा किडा नाही, कोळ्याच्या जातीचा आहे, त्या औषधानं मरत नाही. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, खूपच वाढला तर कोळीनाशक घ्या. उन्हाळ्यात गंधकही देत नाहीत, ४५ डिग्रीत पानं भाजतात, ते थंडीतल्या भुरीसाठी, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी ठेवा म्हणतात. विकणाऱ्यानं स्वतःच नको म्हणणं, हे मला तरी दुसरीकडे दिसलं नाही.

फांदी वरून काळी पडत खाली येत असेल तर हिरवा भाग लागेपर्यंत कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं नाही. आणि डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या जागेच्या खालून सरळसोट फांदी निघाली, फुलंच नाहीत, तर ती ज्यावर कलम केलं त्या जंगली गुलाबाची आहे, मुळापासून काढा. शेजारच्या काकू अशीच फांदी कौतुकानं वाढवत होत्या 😄

जास्वंदाच्या मिलीबगला (पांढरी कापसासारखी कीड) साबणाचं पाणी अन् निंबोळी तेल, तेही संध्याकाळीच, बाकी विशेष काही नाही.

आता तक्रार. औषध सुटं देतात, पाण्याच्या जुन्या बाटलीत, वर लेबल नाही, नाव नाही, प्रमाण तोंडी सांगतात. घरात लहान मुलं असतात हो, कोणी पाणी समजून प्यायलं तर? मी बोलले तर म्हणे सगळे असंच नेतात. एक स्टार तिथेच गेला. मी सल्ला इथून घेते अन् सीलबंद पाकीट कृषी केंद्रातून. रोपं थोडी महाग आहेत पण कलम चांगलं असतं, रविवारी मात्र जाऊ नका, गर्दीत काका बोलतच नाहीत अन् मदतीला ठेवलेल्या पोराला काही माहीत नाही. मोबाईलवरचा फोटो दाखवून पण फायदा नाही, पान आणा म्हणतात.

नवीन गुलाब घ्यायचे असतील तर दसरा होऊ द्या, तेव्हा ताजा माल येतो, मे महिन्यात उरलेली सुकलेली रोपं असतात.