जुनी सल्लागार संस्था, वस्तीतला दलाल की आपला वकील? नागपुरातील मालमत्ता व्यवहारांचा तुलनात्मक आढावा

धरमपेठेतला वडिलोपार्जित बंगला विकायचा असो, बेसा-बेलतरोडीकडे प्लॉट घ्यायचा असो, की वर्धा रोडवरची जागा ऑफिससाठी भाड्याने द्यायची असो, व्यवहार कोणामार्फत करायचा हे आधी ठरवावे लागते. आणि बहुतेक घरांत हा निर्णय कोणाच्या तरी साडूच्या ओळखीवर, चहा संपायच्या आत होऊन जातो. नागपुरात साधारणपणे तीन वाटा आहेत. वर्षानुवर्षे नाव कमावलेली मालमत्ता सल्लागार संस्था, त्या वस्तीत फिरणारा दलाल, आणि या दोघांनाही बाजूला ठेवून आपण व आपला वकील. मालमत्तेच्या संकेतस्थळांना मी चौथी वाट मानत नाही. तिथे मागितलेला भाव कळतो आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. ते फोनही बहुतेक दलालांचेच असतात.

या तिघांना पैसे कशाचे मिळतात ते पाहिले की तुलना सोपी होते. दलालाला सौदा झाला तरच पैसे मिळतात, वकिलाला कागद तपासल्याचे मिळतात, आणि सल्लागार संस्थेला, ती नावाला जागणारी असेल तर, सही करून दिलेल्या लेखी मताचे मिळतात. आपल्या प्रकरणात गिऱ्हाइकाची उणीव आहे, कागदांची आहे की भावाबद्दलच्या खात्रीची, हे ओळखले म्हणजे कोणाचे दार ठोठवायचे ते बरेचसे ठरते.

सल्लागार संस्था हा प्रकार मुळात मूल्यांकनातून आला. या धंद्यातली नावाजलेली घराणी लंडनची आहेत. जोन्स लँगची मुळे १७८३ पर्यंत मागे जातात, सॅव्हिल्सची स्थापना १८५५ मधली आणि नाइट फ्रँकची १८९६ मधली. जमीन मोजणे, तिची किंमत ठरवणे आणि ती किंमत कशी काढली हे लिहून देणे हे तिथल्या सर्व्हेयर मंडळींचे काम होते. १८६८ मध्ये त्यांची व्यावसायिक संघटना उभी राहिली आणि दलाली त्या कामाच्या जोडीने वाढत गेली. आपल्याकडे मात्र आधी दलाल होता आणि सल्लागार नंतर आला. आर्थिक उदारीकरणानंतर सीबीआरई ही आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनी १९९४ मध्ये व नाइट फ्रँक १९९५ मध्ये भारतात आली, पण अशा कंपन्यांचा मुख्य ग्राहक म्हणजे बँका, मोठे विकासक, गोदामे आणि कार्यालये भाड्याने घेणाऱ्या कंपन्या. मिहान किंवा बुटीबोरीच्या परिसरात मोठे गोदाम, औद्योगिक शेड वा आयटी कंपनीसाठी जागा द्यायची असेल, तर त्यांच्याकडे जाण्यात अर्थ आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन त्यांच्याकडे जाण्यात फारसा नाही.

सर्वसामान्य नागपूरकराच्या दृष्टीने जुनी संस्था म्हणजे धंतोली, सदर किंवा सिव्हिल लाइन्समधले एखाद्या कुटुंबाचे दोन-तीन पिढ्यांचे कार्यालय. तिथे एखादा सरकारमान्य मूल्यांकनकार असतो, वकिलांशी आणि आर्किटेक्टशी बसलेली घडी असते, आणि कपाटात जुन्या फायली असतात. या फायलींना मी सर्वांत जास्त वजन देतो. ज्या गल्लीतला बंगला तुम्ही विकणार आहात, त्याच गल्लीतले पूर्वीचे व्यवहार कोणत्या हरकतीवर अडले होते आणि कसे सुटले, हे ज्याच्याकडे कागदावर आहे त्याचा सल्ला आणि तोंडी अंदाज यांत मोठे अंतर असते. पाटीवर जुने साल लिहिलेले असणे हा मात्र पुरावा नव्हे. वडिलांनी कमावलेल्या नावावर मुलाने फक्त दलाली चालवली आहे, असेही घडते.

आता प्रत्यक्ष प्रकरणांकडे येऊ. जुन्या वस्तीतल्या वडिलोपार्जित घराच्या बाबतीत सल्लागार संस्थेची बाजू सर्वांत भक्कम ठरते, म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य.

नागपूरच्या जुन्या भागातल्या पुष्कळ जागा पूर्ण मालकीच्या नाहीत. काही भूखंड नझूलचे, म्हणजे शासनाच्या मालकीचे व जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतले आहेत. काही नागपूर सुधार प्रन्यासाने, ज्याला सगळे एनआयटी म्हणतात आणि ज्याचा मूळ कायदा १९३६ चा आहे, भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. घरातल्या माणसांना हे अनेकदा ठाऊक नसते, कारण आजोबांनी प्लॉट ‘घेतला’ एवढेच पुढच्या पिढीला सांगितलेले असते. अशा वेळी आखीव पत्रिका, म्हणजे जागेचे मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड), समोर ठेवून वाचावी. तिच्यात क्षेत्रफळ सगळेच पाहतात. पाहायला हवा तो ‘धारणाधिकार’, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धरली आहे हे सांगणारा, रकाना, त्यानंतर पट्टेदाराचे नाव, ‘इतर भार’ आणि ‘इतर शेरे’. पट्ट्याची मुदत संपून नूतनीकरण झालेले नाही, भूभाटक, म्हणजे जमिनीचे भाडे, थकले आहे, धारक म्हणून अजून आजोबांचेच नाव आहे आणि वडिलांच्या निधनानंतर फेरफारच झालेला नाही, असा कागद हाती येणे नागपुरात मुळीच नवलाचे नाही. अशा जागेच्या विक्रीआधी वारसांची नोंद, पट्ट्याचे नूतनीकरण आणि पट्टा देणाऱ्या कार्यालयाची हस्तांतरणाची परवानगी ही कामे कोणत्या क्रमाने करायची, हे चांगल्या संस्थेला पाठ असते. दलाल अशा जागेला गिऱ्हाईक आणतो, बयाणाही घडवून आणतो, आणि परवानगीपाशी सगळे अडकून पडते. मग खरेदीदार बयाणा परत मागू लागतो.

त्यातच एक बहीण अमेरिकेत आणि एक भाऊ पुण्यात असेल, तर काम आणखी गुंतते. मुलींचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वादाचा विषय राहिलेला नाही, त्यामुळे तिची सही तरी हवी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदाराने ५० लाख वा त्याहून अधिक किमतीवर १ टक्का करकपात करायची असते, पण विक्रेता अनिवासी असला की ही ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि दरही बराच चढा असतो. हे खरेदीदाराला ऐन रजिस्ट्रीच्या दिवशी कळले, तर उपनिबंधकांच्या कार्यालयाबाहेर काय बोलाचाली होते ते सांगायला नको.

मूल्यांकनाचा मुद्दाही इथेच येतो. जुनी मालमत्ता विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी १ एप्रिल २००१ रोजीचे वाजवी बाजारमूल्य धरता येते, आणि ते त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्क मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के, यांपैकी कमी कर पडेल तो हिशेब धरता येतो. अनिवासी बहिणीला ही निवड मिळत नाही. म्हणजे एकाच घराच्या समान हिश्श्यांवर बहीण-भावांचा कर वेगवेगळा येऊ शकतो. अशा वेळी मूल्यांकनकाराच्या सहीचा अहवाल हातात असणे गरजेचे आहे. नीट अहवालात जागेचे वर्णन, धारणाधिकार, बांधकामाचे वय आणि घसारा, आसपासच्या नोंदवलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोनमधली (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या गोषवाऱ्यातली) उदाहरणे आणि त्यावरून दर कसा काढला याची मांडणी असते. ‘या भागात सध्या एवढा रेट चालू आहे’ हे वाक्य ना आयकर अधिकाऱ्यासमोर टिकत, ना भावंडांच्या वाटणीत.

शहराच्या कडेला प्लॉट घेताना मात्र पारडे फिरते. बेसा, हिंगणा, जामठा, उमरेड रोड किंवा काटोल रोडच्या लेआउटमध्ये कोणत्या खसऱ्यातून, म्हणजे सर्व्हे नंबरातून, विकास आराखड्यातला रस्ता जातो, पावसाळ्यात कोणत्या गल्लीत पाणी साचते, कोणत्या सोसायटीने एकच प्लॉट दोघांना विकला म्हणून बोभाटा झाला होता, हे त्या मौज्यात रोज फिरणाऱ्या दलालाला जेवढे ठाऊक असते तेवढे धंतोलीतल्या कार्यालयाला नसते. म्हणून प्लॉट शोधण्यासाठी मी दलालालाच पसंती देईन, आणि कागद तपासण्यासाठी त्याने सुचवलेला वकील मुळीच घेणार नाही.

अशा ठिकाणी तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. लेआउट प्रन्यासाच्या हद्दीत आहे की २०१७ मध्ये आलेल्या नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हे पहिले. अकृषक परवानगी व मंजूर नकाशा आहे का, हे दुसरे. नसल्यास, मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याच्या गुंठेवारी कायद्याखाली तो प्लॉट नियमित झाला आहे का, म्हणजे नागपुरी भाषेत ‘आरएल’ मिळाले आहे का. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे आणि पुढे दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या लेआउटना लागू झाला. ‘डिमांड भरली आहे’ हे उत्तर अपुरे समजावे. पैसे भरल्याची पावती आणि नियमितीकरणाचे पत्र हे दोन वेगळे कागद आहेत. निव्वळ आममुखत्यारपत्र आणि कब्जापत्रावर प्लॉट मिळत असेल, तर मालकी त्याने येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. बँक कर्ज देते म्हणजे कागद चोख, असेही अनेक जण धरून चालतात. बँकेची तपासणी बँकेच्या कर्जापुरती असते.

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात फ्लॅट घेताना मला तर मध्यस्थाची गरजच कमी वाटते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असल्या, की प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी आवश्यक ठरते, आणि मंजुऱ्या, दावे, पूर्णत्वाची तारीख हे सारे महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येते. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. अशा विक्रीत जुन्या संस्थेलाही बहुधा विकासकाकडूनच पैसे मिळतात, म्हणून तिचा ‘मोफत’ सल्ला त्या बेताने ऐकावा. मध्यस्थ घ्यायचाच असेल तर त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक विचारावा. २०२४ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणेही सक्तीचे आहे. जुन्या घराच्या पुनर्विक्रीला हा रेरा कायदा सहसा लागू होत नाही, तिथे तक्रारीसाठी ग्राहक आयोगाची वाट उरते, आणि त्यासाठी लेखी नेमणूक हाती असणे फार उपयोगी पडते.

घर भाड्याने देण्यासाठी एवढी खटपट नको. वस्तीतला दलाल एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली घेऊन काम करतो, करारनामा नोंदवून घ्यावा म्हणजे झाले. परगावी राहणाऱ्या मालकाने मात्र, भाडेकरूची चौकशी, घराची डागडुजी आणि कराचा भरणा एकाच ठिकाणी सोपवता येत असल्याने, देखभाल सांभाळणाऱ्या संस्थेचा विचार करावा.

खर्चाचे म्हणाल तर दलालाची आणि संस्थेची टक्केवारी जवळपास सारखीच असते, साधारण १ ते २ टक्के. एक कोटीच्या व्यवहारात २ टक्के म्हणजे २ लाख. नोंदणीकृत संस्था त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६,००० रुपये, लावते, आणि मूल्यांकनाची फी वेगळी घेते. दलाल पावती देत नाही म्हणून स्वस्त वाटतो, पण तो बहुधा दोन्हीकडून घेतो, आणि ज्याला दोन्हीकडून पैसे मिळतात तो तुमच्यासाठी भाव ताणून धरेल ही अपेक्षा चुकीची आहे. हाच प्रश्न संस्थेलाही निःसंकोच विचारावा. समोरच्या पक्षाकडून काही घेणार असाल तर लिहून द्या, असे म्हटल्यावर जो चाचरतो, त्याचे वय कितीही असो, तिथून उठावे. वकिलाची फी ठोक ठरते आणि या दोघांच्या तुलनेत किरकोळ असते. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घेऊन दिलेला सर्च रिपोर्ट ही कोणत्याही वाटेने गेलात तरी वगळण्याची गोष्ट नाही.

संस्थेची निवड केलीत, तर नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी चार ओळी नीट वाचाव्या. विक्रीचा एकाधिकार किती महिन्यांसाठी दिला जात आहे, त्या काळात तुमच्याच नातेवाइकाने घर घ्यायचे म्हटले तर दलाली लागणार का, मूल्यांकनावर सही कोणाची असेल आणि तो संस्थेचा नोकर आहे की बाहेरचा, परवानग्यांसाठीचा सरकारी भरणा आणि संस्थेची फी वेगवेगळी दाखवली आहे का. एकाधिकार तीन महिन्यांपेक्षा जास्त देऊ नये असे माझे मत आहे. संस्थेने नेटाने काम केले तर मुदत वाढवता येतेच. बयाण्याची रक्कम संस्थेच्या खात्यात ठेवण्याचा आग्रह झाला तर तो मान्य करू नये. ती इसारपत्र करून, धनादेशाने किंवा ऑनलाइन, सर्व वारसांच्या खात्यांत ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे जावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो.