एनएफएल पोझिशन ग्रेड्सचं सबस्क्रिप्शन, सीझनभर वापरल्यानंतर

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, तिच्या खेळाडूंना मार्क देणाऱ्या एका साइटचं माझं सबस्क्रिप्शन. परवा न विचारता ऑटो-रिन्यूअल झालं. पैसे डॉलरमध्ये कापले, वर बँकेचा कन्व्हर्जन चार्ज, त्यावर जीएसटी, आणि सपोर्टला मेल केला तर पॉलिसीप्रमाणे रिफंड नाही एवढं एका ओळीत उत्तर. साइटचं नाव घेत नाही, पण कोणी असलं सबस्क्रिप्शन घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा.

ग्रेडिंग कसं चालतं ते माहितीच असेल, प्रत्येक प्लेला प्रत्येक प्लेयरला मार्क, त्यातून शंभरपैकी आकडा, आणि मग ३२ टीम्सचं पोझिशनवार रँकिंग. मला सुरुवातीला हे पटायचंच नाही. २०१५ मध्ये क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) ॲरन रॉजर्सने चीफ्स टीमविरुद्ध थेट स्कोअर करून देणारे ५ टचडाउन पास टाकले आणि अशाच ग्रेड्स देणाऱ्या प्रो फुटबॉल फोकसने त्याला मायनस ०.८ दिले (तेव्हा त्यांचा आकडा शंभरपैकी नसायचा, शून्याच्या वर-खाली असायचा), तेव्हापासून डोक्यात राग होता. पण ऑक्टोबरच्या आसपास मत बदललं, ते ऑफेन्सिव्ह लाइनमुळे, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे आणि बॉल घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणारे समोरचे पाच जण. पास झेलणाऱ्या रिसीव्हरला यार्ड्स असतात, लाइनमनला काय असतं? सॅक खाल्ला, म्हणजे क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडलं, की नाव निघतं, नाहीतर कोणी विचारत नाही. ईगल्स टीमचा लाइनमन जॉर्डन मैलाटाकडे मागच्या कॅमेऱ्यातून बघा. ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, २०१८ च्या ड्राफ्टला (नवीन खेळाडूंची निवड) सातव्या राउंडला घेतलेला, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा) बाहेरून वळेपर्यंत ह्याचे पाय रोवलेले असतात आणि हात त्याच्या छातीवर. २०२४ ला ईगल्सच्याच सेकोन बार्कलीने बॉल घेऊन धावत २००५ यार्ड्स काढले, त्याला वाट करून देणारे पाच जण मला आकड्यात दिसले ते ह्या ग्रेड्समध्येच. इथपर्यंत पैसे वसूल.

आता मुख्य तक्रार. लाइनची रँक म्हणजे पाच जणांची सरासरी, आणि हे मला अजिबात मान्य नाही. त्याच सीझनचे चीफ्स घ्या. मधले तिघे, म्हणजे सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड, जो थूनी, क्रीड हम्फ्री, ट्रे स्मिथ, एक नंबर. डाव्या टोकाला, लेफ्ट टॅकलला, मात्र सुआमाटाया झाला, मॉरिस झाला, डीजे हम्फ्रीज आणला तोही दुखापतीत गेला, शेवटी डिसेंबरमध्ये थूनीलाच गार्डवरून टॅकलला सरकवलं आणि त्याच्या जागी कॅलिएंडो. म्हणजे एक जागा भरायला दोन जागा हलल्या, आणि साइटवर थूनीचा आकडा गार्डवरच्या कमाईचा तसाच, टीमची रँकही तशीच वर! अरे टॅकलला समोर वेगळा माणूस येतो, मोकळी जागा जास्त असते, गार्डची ग्रेड तिथे कशी चालेल? बादलीला भोक एकच असलं तरी पाणी जातंच. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, ईगल्सने एकदाही ब्लिट्झ (जादा माणसं सोडून हल्ला) केला नाही, तरी चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सला ६ सॅक, चीफ्स ४०-२२ ने हरले. आणि चीफ्सला हे नवीन नव्हतं, २०२१ च्या सुपर बोललाही दोन्ही टॅकल बाहेर होते आणि ३१-९ ने हरले. २०२५ च्या ड्राफ्टला पहिल्याच राउंडला लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स घेतला, म्हणजे टीमला कळतंय सगळ्यात कच्चा कोण ते बघायचं, रँकिंगवाल्यांना कळत नाही. पाचातला सगळ्यात कमी आकडा शेजारी छापायला काय जातं?

बरं, पास ब्लॉकिंगपुरतं बघायचं तर ईएसपीएनचा विन रेट आहे, खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून ब्लॉकर २.५ सेकंद टिकला की नाही ते मोजतात, त्याला पैसे पडत नाहीत. रन ब्लॉकिंग (धावणाऱ्याला वाट करून देणं) आणि सेकंडरी (पास अडवणारे मागचे डिफेंडर) ह्यांच्यासाठी मात्र ह्या ग्रेड्स खरंच कामाच्या आहेत, तेवढ्यासाठी घ्यायचंच असेल तर सप्टेंबर ते जानेवारी एकेका महिन्याचा प्लॅन घ्या, आणि पैसे भरल्या भरल्या ऑटो-रिन्यूअल बंद करा. ते बटन बिलिंगमध्ये नाही, प्रोफाइलच्या आत सगळ्यात खाली आहे.