पट्टीवर ‘वर्स्टेड’, पण कोणत्या अर्थाने?

विणकामाच्या लोकरीची 100 ग्रॅमची लडी, साधारण 200 मीटर, तीन पदरी, शुद्ध लोकर. पट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘वर्स्टेड’. हा शब्द अर्धाच खरा आहे.

वर्स्टेड हे मुळात गावाचं नाव. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातलं हे गाव मध्ययुगात कापडासाठी नावाजलेलं होतं. (इंग्रज त्यातला ‘र’ गिळून ‘वुस्टिड’ म्हणतात.) तिथल्या सुतासाठी लांब तंतूंची लोकर विंचरून घेत, आखूड तंतू गळून पडत, उरलेले एका दिशेत लागत आणि घट्ट पीळ बसे. सुटाच्या कापडाला वर्स्टेड म्हणतात ते याच अर्थाने. विणकामात मात्र हा शब्द जाडीचं माप होऊन बसला: अमेरिकी वर्गवारीतला क्रमांक 4, म्हणजे 4.5 ते 5.5 मिमीच्या सुयांवर 10 सेंटिमीटरमध्ये 16 ते 20 टाके.

जाडीला ही लडी चोख उतरते. 5 मिमीच्या सुयांवर सुलट विणीत 18 टाके. मोजपट्टीवर वेढ्याला वेढा लावून, न ताणता गुंडाळल्यास इंचात 10 वेढे बसतात. इथे चूक झाली तर महागात पडते: 18 च्या हिशेबाने घातलेले 90 टाके 50 सेंटिमीटर भरतात, पण तेच डीके (याहून बारीक जाडीच्या) लोकरीत, 22 टाक्यांच्या मापाने, जेमतेम 41.

कताई मात्र वर्स्टेड नाही. एक पदर सोडवून उजेडात धरला की तंतू आडवेतिडवे दिसतात, कडेने लव सुटलेली. म्हणजे लोकर विंचरलेली नाही, नुसती पिंजलेली. याला वूलन कताई म्हणतात. वाईट मुळीच नाही. तंतूंमध्ये हवा अडकते, त्यामुळे वीण हलकी आणि उबदार होते, धुतल्यावर फुलून टाक्यांमधल्या फटी भरतात. पण वेणीची नक्षी पुसट दिसते, आणि काखेत, मनगटावर घासून बोंडं लवकर धरतात. मोज्यांच्या टाचेला ही लोकर टिकणार नाही.

नमुन्यादाखल विणलेला चौकोन धुऊन, वाळवूनच टाके मोजा. कोमट पाण्यात बुडवून ठेवा, चोळू नका. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकर आटून नमद्यासारखी होते.

टोपी, मफलर, सैलसर स्वेटर यांसाठी जरूर घ्या. उठावदार नक्षी हवी असेल तर पट्टीवर ‘वर्स्टेड कताई’ असं स्पष्ट लिहिलेली लडी शोधा.