पूर्व पाकिस्तान १९७१ की रवांडा १९९४: मांडणीसाठी कोणतं उदाहरण घ्यावं?

वंशसंहार डोळ्यांदेखत चालू असताना जग मध्ये का पडत नाही, यावर तुम्हाला बोलायचं आहे आणि वेळ एकाच उदाहरणापुरता आहे. माझा कौल रवांडाला.

आपला ओढा १९७१कडे असतो, ते साहजिक आहे. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कराने कत्तल सुरू केली, पुढे सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला सहकाऱ्यांच्या सह्यांची निषेधाची तार वॉशिंग्टनला पाठवली. पण अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना चीनपर्यंत पोहोचायला पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान हवे होते. प्रकरण बोलकं आहे. अडचण अशी की डिसेंबरमध्ये भारत-पाक युद्ध होतं आणि चर्चा तिकडेच वळते. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकाराने युद्धबंदीचे ठराव अडवले, त्यामुळे भारताला ढाक्यापर्यंत जायला अवधी मिळाला. ‘नकाराधिकारामुळे जग हतबल होतं’ हे नेहमीचं उत्तर इथे उलटंच पडतं.

रवांडात तर नकाराधिकार कोणी वापरलाच नाही. म्हणूनच ते उदाहरण इतकं अस्वस्थ करतं. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आधीपासून देशात होती, सुमारे २,५०० सैनिकांची. ७ एप्रिलला १० बेल्जियन सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली. फ्रेंच, बेल्जियन, इटालियन जवान विमानांनी आले, परदेशी नागरिकांना घेऊन परत गेले. म्हणजे सैन्य पोहोचू शकत होतं! २१ एप्रिलला, हुतू अतिरेक्यांकडून अल्पसंख्य तुत्सींची कत्तल ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं. त्या वर्षी कत्तलीमागचं रवांडाचं सरकार स्वतःच परिषदेचं सदस्य होतं. आदल्या ऑक्टोबरात सोमालियातल्या मोगादिशूत १८ सैनिक गमावलेली अमेरिका ‘वंशसंहार’ हा शब्दही टाळत राहिली, कारण तो उच्चारला की वंशसंहार रोखण्याचा १९४८चा करार आठवून काही करावं लागलं असतं. साधारण १०० दिवसांत सुमारे ८ लाख माणसं गेली.

स्रेब्रेनित्सा (बोस्नियातलं १९९५चं हत्याकांड) हा तिसरा पर्याय, पण बोस्नियाच्या युद्धाची पार्श्वभूमी सांगण्यातच वेळ जाईल.

सुरुवात ११ जानेवारी १९९४च्या संदेशापासून करा. शांतिसेनेचे प्रमुख रोमियो दालेर यांनी तो न्यूयॉर्कला पाठवला होता: राजधानी किगालीत तुत्सींच्या याद्या होत आहेत, २० मिनिटांत १,००० जणांना मारता येईल असं खबऱ्या सांगतो, मी शस्त्रसाठ्यांवर छापा घालणार आहे. मुख्यालयाने छाप्याला मनाई केली.