दुरुस्तीला नाही म्हणणारा मेस्त

आमच्या आजोबांची बाराबोअर दुनळी बंदूक गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी साठेक वर्षं आहे. कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, रानडुकरं शिरली की आजोबा आभाळाकडे एक बार काढायचे, तेवढ्यावर काम भागायचं. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर आला आणि घरात वाद लागला. धाकट्या भावाचं म्हणणं, वापरायचीच नसेल तर नूतनीकरणाच्या खेपा कशाला घालायच्या? दुरुस्त करू, चतुर्थीला एखादा बार काढू. मला ती आहे तशीच ठेवायची होती. शेवटी पाऊण तासावरच्या एका परवानाधारक कारागिराकडे घेऊन गेलो. त्यांना सगळे मेस्तच म्हणतात, आमच्याकडे कसबी कारागिराला म्हणतात तसं.

त्याआधी एका दुकानात हात पोळून घेतले होते. 2024च्या लोकसभा निवडणुकीला बंदूक पोलिसांकडे जमा केलेली, परत हातात आली तेव्हा पाऊस लागलेला आणि नळीवर तांबूस ठिपके. दुकानदाराने ‘चकाचक करून देतो’ म्हणत पॉलिश पेपर मारला. ठिपके गेले, सोबत टोकाकडची वीतभर नक्षीही गेली. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या या दमास्कस नळ्या. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तसे वळ त्यांच्यावर दिसतात, नव्हे, दिसायचे.

मेस्तांनी आधी पाऊण तास नुसती पाहिली. नळ्या सोडवून भिंगाखाली धरल्या. लंबगोलात ईएलजी ही अक्षरं, वर मुकुट: बेल्जियममधल्या लिएजचा चाचणीचा शिक्का, म्हणजे 1893च्या नंतरची. मग ते सिंह शोधायला लागले. सिंह आणि त्याखाली पीव्ही असा ठसा असेल तरच नळी बिनधुराच्या दारूवर तपासलेली. सिंह कुठेच नव्हता. ही काळ्या दारूची बंदूक, आणि आज दुकानात मिळणारं काडतूस बिनधुराच्या दारूचं; त्याचा दाब ही नळी पेलेल याची खात्री नाही.

भाऊ ऐकेना. म्हणाला, ‘खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं काडतूस त्यात व्यवस्थित बसतं, मी बघितलंय.’ मेस्तांनी गेज घातला. नळीत काडतूस बसतं ती जागा 65 मिलिमीटर लांब, काडतूस 70चं. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते बसतं. बार निघताना ते तोंड उघडतं, पुढच्या अरुंद जागेत अडकतं आणि दाब चढतो. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, आजोबांनाही असेल असं वाटत नाही.

शेवटी त्यांनी नळ्या सुतळीला टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकल्या. घंटेसारखा नाद यायला हवा, आला फुटक्या मडक्याचा. दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलेली. ‘डाख देऊन होईल ना?’ भावाने विचारलं. मेस्त हसले, ‘हांवें दुरुस्त केली जाल्यार तूं बार काडटलो. म्हणून करिना.’ (मी दुरुस्त केली तर तू बार काढणार, म्हणून करत नाही.)

तपासणी, साफसफाई आणि तेलपाणी मिळून सहाशे रुपये घेतले. शिवाय त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्यासाठी मी हजारही दिले असते. चामड्याच्या पेटीत ठेवू नका, आपल्या पावसात चामडं ओल धरतं. (आम्ही आजवर तेच करत होतो.) दस्ता वर आणि नळ्या खाली करून उभी ठेवा, नाहीतर तेल उतरून अक्रोडाच्या लाकडात मुरतं. रिकामा चाप ओढू नका. घासलेल्या जागेला हात लावायचं मात्र त्यांनी साफ टाळलं. तेवढा पट्टा आता तसाच भुंडा राहणार, आणि माझा राग त्या दुकानदारावर आहे.

मेस्तांच्या कामाला तारे द्यायचे तर एक तारा कापतोय तो वेळेसाठी. ‘आठ दिवसांनी या’ म्हणाले आणि पाच आठवडे लागले. फोन कधीच उचलत नाहीत, पैसे फक्त रोख.

भाऊ अजून घुम्यात आहे. खंडेनवमीला बंदूक बाहेर काढली, हळदकुंकू लावलं, तेव्हा त्याने नळीत डोकावून बघितलंच.

जाणार असाल तर मूळ परवाना बरोबर घ्या. मी पहिल्यांदा झेरॉक्स घेऊन गेलो होतो, त्यांनी बंदुकीची पिशवी उघडूसुद्धा दिली नाही.