भंगारातून घेतलेली ॲल्युमिनियमची मोटरबोट : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पैलतीरावरून लाखोळीची (एक कडधान्य) चार पोती घेऊन परत येत असताना बोटीत इतके पाणी साचले की माझे तळपाय भिजले. त्या रात्री मी वहीत लिहून ठेवले की ॲल्युमिनियमची जुनी बोट कोणीही विकत घेऊ नये. आज नोव्हेंबर आहे, बोट अजून माझ्याकडेच आहे आणि वहीतले ते वाक्य मी खोडले आहे. दोष कुणाचा होता हे समजायला मला अडीच महिने आणि साडेनऊ हजार रुपये लागले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, त्याच वर्षी मी शिक्षक म्हणून नोकरीला लागलो. पुढे धरणाचे पाणी मागे पसरत आमच्यापर्यंत आले तेव्हा आमचे गाव वाचले, पण तीन एकरांचा तुकडा नाल्यापलीकडे राहिला. रस्त्याने तिथे जायचे म्हणजे १९ किलोमीटर. पाण्यातून गेल्यास पाव तास पुरतो. इतकी वर्षे ढीवर बांधवांच्या डोंग्यातून जात होतो, परंतु त्यांच्या जाळ्यांची वेळ आणि माझ्या शेताची वेळ नेहमी जुळत नसे. म्हणून गेल्या दिवाळीनंतर, एका बंद पडलेल्या नौकाविहार केंद्राचे सामान भंगारात निघाल्याचे कळले, तेव्हा मी ही चौदा फुटी बोट उचलली. वजन ११८ किलो भरले आणि १६० रुपये किलोच्या भावाने १८,८८० रुपये दिले. पंधरा अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक इंजिन वेगळे घेतले, ते ४२,००० रुपयांना पडले.

बोट अनेक वर्षे उघड्यावर उलटी पडून होती. बाकांखालचा फोम पाणी पिऊन काळा झाला होता. तो काढून तोलला तर २३ किलो भरला, म्हणजे एवढा भार तिने विनाकारण वाहिला असता. इंजिन जिथे अडकवतात ती मागची फळी आतून भुसा झाली होती. तिच्या जागी मरीन प्लाय बसवला, पण एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. आपल्याकडे मिळणाऱ्या आय.एस. ७१० दर्जाच्या प्लायवर कीड लागू नये म्हणून अनेकदा तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया केलेली असते, आणि ओल्या तांब्याच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम झिजते. त्यामुळे फळीच्या सर्व बाजूंना, कडांना आणि बोल्टच्या भोकांच्या आतूनसुद्धा इपॉक्सीचे तीन हात द्यावे लागले. ही फळी आजही खणखणीत आहे.

आता मूळ विषयाकडे येतो, तो म्हणजे रिव्हेट, म्हणजेच पत्रे जोडणारे धातूचे खिळे.

अशा बोटीचा पत्रा वेल्डिंगने जोडलेला नसतो; फासळ्या, कणा आणि पत्र्याचे सांधे शेकडो रिव्हेटांनी धरलेले असतात. काही रिव्हेट सैल दिसत होते, म्हणून मी बोट जिल्ह्याच्या ठिकाणी एका कारखान्यात दिली. तिथे सैल वाटलेले ४६ रिव्हेट ड्रिलने काढले, त्या जागी हातातल्या गनने पोकळ पॉप रिव्हेट मारले, वरून सिलिकॉन फासले आणि ९,५०० रुपयांचे बिल माझ्या हातात दिले. जानेवारीच्या शेवटी बोट पाण्यात उतरवली. एकटा बसलो की तळ कोरडा राहत असे, त्यामुळे महिनाभर मी प्रत्येकाजवळ त्या कारखान्याचे कौतुक केले, ही गोष्ट मला आज फार टोचते. लाखोळी निघाली, माल भरला, बोट खाली बसली, इंजिनाच्या थरथरीने सांधे हलू लागले आणि पाणी येऊ लागले. डब्याने मोजून उपसले तेव्हा ताशी सात लिटर भरले.

कारखानदाराकडे तीन वेळा गेलो. पहिल्या खेपेस त्यांनी सांगितले की थोडे पाणी येणे हा ॲल्युमिनियमचा स्वभावच आहे. दुसऱ्या खेपेस आणखी १,८०० रुपयांत सिलिकॉनचा दुसरा थर देऊ म्हणाले. तिसऱ्या खेपेस मी पावती पुढे ठेवली, तेव्हा तिच्यावर हमीचा शब्द नाही एवढेच उत्तर मिळाले. पैसे परत मिळाले नाहीत. बोट पुन्हा त्याच किलोच्या भावाने विकून टाकावी, असे मी घरी बोललोही होतो.

आमच्या शेजारच्या गावात एस.टी.च्या हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर गाड्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला आहे. ते आले, बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “गुरुजी, इथं पोकळ रिव्हेट मारला, म्हणजे पाण्याले दारच करून देल्लं.” मग त्यांच्या सांगण्यावरून बोट बल्ल्यांवर टेकवली आणि आतून वीतभर पाणी भरले. काठोकाठ भरू नये, कारण त्या वजनाने पत्रा पोटातून वाकू शकतो. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे तेलकट पेन्सिलीने गोल करायचा, हे काम मी स्वतः केले. नवीन ४६ पैकी ३१ रिव्हेट गळत होते. बोटीच्या जन्मापासूनचे जे शेकडो रिव्हेट होते, त्यांपैकी फक्त नऊ. हा हिशेब पाहिल्यावर बोटीबद्दलचे माझे मत तिथेच बदलले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. पॉप रिव्हेट आतून पोकळ असतो. गनने ओढलेली पोलादी काडी तुटते, तिचा तुकडा आत राहतो आणि त्याच्या कडेने पाणी वाट काढते. शिवाय पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम कुरतडले जाते. माझ्या बोटीत चार महिन्यांतच त्या डोक्यांभोवती पांढरी भुकटी जमली होती. तोंड बंद असलेले पॉप रिव्हेट मिळतात, आणि जिथे आतून हात पोचत नाही तिथे ते चालतात, पण माझ्या बोटीत एका बाकाखालची जागा सोडली तर सगळीकडे हात पोचत होता. भरीव रिव्हेट ठोकला की त्याची दांडी फुगते आणि भोक पूर्ण भरून टाकते. पाणी अडते ते या फुगण्यामुळे, लेपाचा वाटा त्यात दुय्यम असतो.

काकांनी पहिला अर्धा दिवस फक्त सिलिकॉन खरवडण्यात घालवला, कारण त्याचा अंश राहिला तर त्यावर दुसरे काहीच चिकटत नाही. मग सर्व ४६ पॉप रिव्हेट काढले. मूळ रिव्हेट ३/१६ इंचाचे होते. ड्रिलने जिथे भोके मोठी झाली होती तिथे पाव इंची घ्यावे लागले. प्रत्येक दांडीला पॉलियुरेथेन सीलंटचा ठिपका लावून रिव्हेट बाहेरून आत घातला आणि आत दांडी तिच्या जाडीच्या साधारण दीडपट बाहेर राहील अशी कापली. काका बाहेरून डोक्यावर हातोडी मारत आणि मी आतून जड लोखंडी ठोकळा दांडीच्या टोकाला दाबून धरत असे. आधी आवाज बोदा येतो, रिव्हेट बसला की तो टणक होतो; दुसऱ्या दिवसापर्यंत तो फरक माझ्याही कानाला कळू लागला. जुने नऊ सैल रिव्हेट काढावेही लागले नाहीत, त्याच पद्धतीने पुन्हा ठोकून घट्ट झाले. अडीच दिवसांचे काम, मजुरी ४,००० आणि रिव्हेट ६०० रुपयांचे. ट्रक-बसची बॉडी बांधणाऱ्यांकडे भरीव ॲल्युमिनियम रिव्हेट सहज मिळतात, हे आधी कोणी सांगितले असते तर माझे साडेनऊ हजार वाचले असते.

रंगाबाबत थोडक्यात सांगतो. लोखंडाला लावतात तो शेंदरी प्रायमर किंवा तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमला लावू नये. गोड्या पाण्यात तळाला रंगाची गरजही नाही, म्हणून तो मी उघडाच ठेवला. बाक मात्र पांढरे रंगवले आणि मे महिन्यात त्यावर ओले बारदान टाकून बसलो, कारण आपल्या उन्हात उघड्या पत्र्यावर बसणे अशक्य असते.

इंजिनाविषयी तक्रार कमी आहे. एका लिटरला वीस मिलिलिटर तेल घालतो. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते, त्यामुळे नळ्या बदलल्या आणि आठ दिवसांपेक्षा जास्त बोट उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करतो. खरा त्रास जलपर्णीचा आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळते. त्यावर पोसलेली जलपर्णी पंख्याला गुंडाळते आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तोंड बुजवते. थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे की नाही, इकडे लक्ष ठेवून बोट चालवावी लागते. बुडालेल्या झाडांची खोडेही आहेत, त्यामुळे पूर्ण वेग मी कधीच देत नाही. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले जातात तेव्हा बोट काठावर उलटी घालून ठेवली. इंजिन लावलेल्या बोटीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमानुसार करावी लागते, ती करून घ्या, आणि जीवरक्षक जाकिटे पहिल्या दिवशीच विकत घ्या.

जूनपासून प्रत्येक फेरीनंतर तळातले पाणी मोजून वहीत लिहितो आहे. मागच्या रविवारी धानाच्या पाच पोत्यांसह दोन फेऱ्या झाल्या, बोट साडेतीन तास पाण्यात होती आणि फडक्याने टिपून पिळले तेव्हा जेमतेम एक पेला पाणी निघाले. पुढच्या टोकाकडचे दोन रिव्हेट अजून पाझरतात, तेही जुन्यापैकीच आहेत. त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवले आहेत. लाखोळीची पेरणी आटोपली की बोट उलटी करू आणि काका येऊन ते ठोकतील.